बर्फाची पाळ : हिमयुगातला तलाव घमेल्यात कसा दाखवायचा

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या पोरांना तलाव वेगळा शिकवावा लागत नाही. पाळ म्हणजे तलावाचा बांध, तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार, सांडवा, हे शब्द ती घरूनच घेऊन येतात. अतिपावसात बोडीची, म्हणजे छोट्या तळ्याची, पाळ फुटून बांधीतलं भाताचं रोवणं वाहून गेलेलं बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून हिमयुगाचा विषय निघाला की मी ध्रुवांपासून सुरुवात करत नाही. फळ्यावर एक तलाव काढते आणि सांगते, याची एक पाळ बर्फाची आहे. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग संपलं, त्याच्या आधीच बर्फ वितळायला लागला होता. आता या तलावाचं काय होईल? मग घमेलं घेऊन व्हरांड्यात बसायचं.

हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीतच करा. एप्रिलमध्ये बर्फ शाळेत पोचेपर्यंतच अर्धा होतो. आदल्या रात्री स्टीलच्या डब्यात चार बोटं पाणी गोठवा. फ्रीज नसेल तर मासोळीवाल्याकडून लादीचा तुकडा मागून आणा. गोठवताना पाण्यात चिमूटभर मुरूम टाका, कारण खरी हिमनदी पोटात दगडगोटे घेऊनच सरकते. पण चिमूटभरच. पहिल्या वर्षी मी अर्धा डबा मुरूम भरला आणि बर्फ जागचा हलेना. बर्फ पाण्याहून हलका आहे, मुरूम जड. सगळा प्रयोग त्या हलकेपणावर उभा आहे.

घमेल्याच्या एका कडेखाली वीट ठेवा. मधोमध चिकणमातीची आडवी पाळ घाला आणि तिच्यात बर्फाएवढी फट ठेवा. उताराच्या बाजूला ओली रेती पसरा. फटीत बर्फ बसवून दोन्ही अंगांना माती नीट दाबा. आता वरच्या बाजूला निळीचं पाणी तांब्यानं हळूहळू सोडा. बर्फाच्या उंचीचा दहावा भाग उरेपर्यंत पाणी चढलं की बर्फ तरंगायला बघतो. आधी बुडाखालून निळी रेघ निघते, सुतासारखी बारीक. ती क्षणात बोटाएवढी होते, बर्फ तिरपा होतो आणि सगळं पाणी एकदम खाली धावतं. पोरं ओरडतात, "फुटली जी मॅडम, पाळ फुटली!" त्या वेळी तुम्ही काही बोलू नका. रेतीत कोरलेल्या नाल्या आणि बर्फातून सुटून पडलेले खडे त्यांना बघू द्या.

मग मिसूला तलावाची गोष्ट सांगा. अमेरिकेत आजच्या आयडाहो राज्यात, मोंटानाच्या सीमेजवळ, हिमनदीच्या एका फाट्यानं नदी अडवली होती. बर्फाची पाळ सुमारे ६०० मीटर उंच, मागे साधारण २,००० घन किलोमीटर पाणी. आपलं गोसीखुर्द धरण पूर्ण भरलं तरी सव्वा घन किलोमीटरच्या आतच राहतं. ती पाळ फुटली, बर्फ पुन्हा सरकून आला, तलाव पुन्हा भरला, पुन्हा फुटला, असं कित्येकदा झालं. पाण्यानं वॉशिंग्टन राज्यातला काळा पाषाण खरवडून काढला. भूवैज्ञानिक जे. हार्लेन ब्रेट्झ यांनी १९२३ मध्ये महापुराची ही कल्पना मांडली, तेव्हा जाणकारांनी ती मानली नाही. मान्यता मिळायला अनेक दशकं गेली. हे मी दरवर्षी मुद्दाम सांगते, कारण ब्रेट्झनी जमिनीवरच्या खुणा वाचल्या होत्या, आणि पोरांनीही आत्ताच घमेल्यातल्या रेतीत तेच केलेलं असतं.

कॅनडातला अगासी तलाव त्याहून मोठा होता. शेवटी सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी तो हडसनच्या उपसागरातून समुद्रात रिकामा झाला. त्याच सुमारास उत्तर अटलांटिकभोवतीचा प्रदेश पुन्हा थंडावला, आणि त्याचं एक कारण हे गोडं पाणी मानलं जातं.

उरलेले बर्फाचे तुकडे ओल्या रेतीत पुरून ठेवा. जेवणाच्या सुट्टीनंतर तिथे खड्डे पडलेले दिसतील. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली कितीतरी तळी अशीच झाली आहेत, त्यांना केटल तळी म्हणतात.

बरणीचा प्रयोग मला सगळ्यात जवळचा. काचेच्या बरणीत पाऊण पाणी घ्या. मूठभर गाळ आणि रेती कालवून हळूच सोडा. रेती लगेच खाली बसते, पाणी मात्र गढूळच राहतं. बारीक माती बसायला एक-दोन दिवस लागतात. हिमनदीसमोरच्या तलावात उन्हाळ्याचं वितळलेलं पाणी जाडी-भरडी माती आणायचं, आणि हिवाळ्यात वर बर्फ धरला की निवांत पाण्यात बारीक माती खाली बसायची. एक जाड फिका थर, एक पातळ गडद थर, झालं एक वर्ष. स्वीडनचे भूवैज्ञानिक येरार्ड दे येर यांनी विद्यापीठांतली पोरं हाताशी धरून गावोगावचे असे थर मोजले आणि बर्फ कोणत्या वर्षी कुठवर मागे हटला ते काढलं. बरणीत दर दोन दिवसांनी एक मूठ टाका. पाच मुठी झाल्या की बाहेरून पट्टी लावून थर मोजायला सांगा. तोवर बरणी कोणालाही हलवू देऊ नका.

कोणीतरी विचारतंच, "मॅडम, आपल्या तलावातबी बर्फ होता का?" नव्हता. आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, माणसांनी बांधले. लोणारचं विवर उल्केनं पाडलं. चंद्रपूरकडे इरईजवळ खडकावर हिमनदीचे ओरखडे आहेत खरे, पण ते जवळपास ३० कोटी वर्षांपूर्वीचे. तरी बर्फ हटल्याचा निरोप इकडेही पोचला. लोणारच्या तळातून काढलेल्या गाळात साधारण ११,००० वर्षांपूर्वी पावसाळा जोर धरू लागल्याच्या खुणा सापडल्या.

मे महिन्यात गाळ काढायला तलाव खोदतात, तेव्हा वर्ग तिथे न्या. कापलेल्या कडेवर पाणी शिंपडून विळ्यानं पातळ खरवडा, रेघा उठून दिसतात. पण एक रेघ म्हणजे एक वर्ष असं इथे मोजू नका. आपल्या तलावात म्हशी बसतात, आणि त्यांनी ढवळलेल्या गाळात दोन-तीन वर्षं एक होऊन जातात.