अपग्रेडआधी ‘ईटीसी’ची एक प्रत

उबंटू किंवा डेबियन ही लिनक्स सिस्टिम अपग्रेड होताना काम मध्येच थांबतं आणि प्रश्न येतो: तुम्ही बदललेली सेटिंगची फाइल ठेवू, की नवी टाकू? घाईत ‘वाय’ (म्हणजे ‘नवी टाका’) दाबू नका. आधी ‘डी’ दाबा, दोन्ही फाइलींतला फरक ओळीनिशी दिसतो. नुसतं एंटर दाबलंत तर तुमची फाइल राहते आणि नवी शेजारीच ‘डीपीकेजी-डिस्ट’ असं शेपूट लावून ठेवली जाते. ‘वाय’ दाबलं गेलंच, तर ‘डीपीकेजी-ओल्ड’ शेपटाची तुमची जुनी फाइल शोधा.

तरी सिस्टिमच्या सेटिंगच्या फाइली असतात तो ‘ईटीसी’ फोल्डर पेनड्राइव्हवर घ्याच, पण सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून, टार करून (सगळं एका फाइलीत बांधून). फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर नुसता कॉपी केला तर फाइलींच्या परवानग्या हरवतात. तुमच्या होम फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलीही घ्या. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की दिसतात.