जुन्या लेखाची डागडुजी : चुकलेले वाक्य आणि जुने झालेले वाक्य

इंदूर आणि इथल्या मराठी वस्त्या यांविषयी मी गेली बारा-तेरा वर्षे महाजालावर लिहीत आलो आहे, आणि नवा लेख लिहिण्यापेक्षा जुना लेख नीट राखणे अधिक कष्टाचे असते, असे माझे मत झाले आहे. छापील दिवाळी अंकातील लेख त्या अंकाच्या सालासह वाचला जातो. १९९५ च्या अंकात दिलेले बसभाडे आज कोणी खरे मानणार नाही. महाजालावरील लेख मात्र शोधयंत्रातून थेट वाचकापुढे येतो, तारीख कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते, आणि दहा वर्षांपूर्वीची माहिती आजची समजून माणूस घराबाहेर पडतो. इंदुरात २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या मार्गावर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली होती. ‘या बसने गेल्यास वाहतुकीत अडकण्याची भीती नाही,’ असे मी पुढच्या वर्षी पाहुण्यांसाठी लिहिलेल्या एका लेखात मोठ्या खात्रीने म्हटले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती मार्गिका काढून टाकण्याचा आदेश दिला. माझे वाक्य मात्र जागचे हलले नाही. त्यावर विसंबून निघालेल्या पुण्याच्या एका गृहस्थांची गाडी चुकली आणि त्यांनी मला अत्यंत सभ्य शब्दांत पत्र लिहिले. तेव्हापासून मी जी पद्धत पाळतो, ती येथे मांडत आहे.

जुना लेख उघडल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा की खटकणारे वाक्य लिहिले तेव्हाच चूक होते, की ते नंतर चूक झाले. दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत, आणि बहुतेक गोंधळ ते एकच समजल्यामुळे होतो. माझ्याच एका लेखात ही दोन्ही उदाहरणे शेजारी शेजारी होती. अहिल्याबाई होळकरांचा जन्म ‘अहमदनगर जिल्ह्यातील चौंडी येथे’ झाला, असे मी लिहिले होते. लिहिताना ते बरोबर होते. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, म्हणून ते जुने झाले. पुढच्याच परिच्छेदात त्यांनी इंदुराहून राज्यकारभार केला, असे विधान होते, आणि ते पहिल्या दिवसापासून चूक होते, कारण त्यांची राजधानी महेश्वर होती. होळकरांची राजधानी इंदुरास आली ती मंदसोरच्या तहानंतर, १८१८ मध्ये. पहिल्या वाक्यात ‘आजच्या अहिल्यानगर’ एवढा बदल पुरला. दुसरे वाक्य वाचून कोणी तरी शाळेतल्या मुलाला चुकीचे सांगितले असण्याची शक्यता होती, म्हणून तेथे वाक्य बदलून भागणार नव्हते. आपण चुकलो होतो हे सांगणे भाग होते.

जन्मजात चुकीची दुरुस्ती उघडपणे करावी. वाक्य जागेवर सुधारावे आणि लेखाच्या आरंभी किंवा त्या परिच्छेदाखाली तारखेसह छोटी नोंद ठेवावी. नोंदीत तीन गोष्टी याव्यात: आधी काय म्हटले होते, खरे काय आहे, आणि बदल केव्हा केला. वरील चुकीसाठी मी केलेली नोंद अशी आहे: ‘दुरुस्ती, १२ ऑगस्ट २०२५ : या लेखात अहिल्याबाईंनी इंदुराहून राज्यकारभार केल्याचे म्हटले होते. त्यांची राजधानी महेश्वर होती. वाक्य बदलले आहे.’ क्षमायाचनेचा परिच्छेद जोडण्याची गरज नाही. वाचकाला आपल्या पश्चात्तापापेक्षा योग्य माहिती हवी असते. चूक एखाद्या वाचकाने दाखवली असेल तर त्याची अनुमती घेऊन आभार मानावेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, सुटलेला अनुस्वार, दोनदा पडलेला शब्द अशा गोष्टींसाठी नोंद नको, कारण अशा नोंदींचा ढीग झाला की त्यात खरी दुरुस्ती दिसेनाशी होते.

काळाने जुन्या झालेल्या वाक्याबाबत लेखाची जात पाहून ठरवावे. वाचक जो लेख वाचून काही कृती करतो, म्हणजे कुठे जायचे, किती पैसे लागतील, कोणता अर्ज भरायचा अशा स्वरूपाचा लेख, तो थेट नव्याने लिहावा आणि जुनी माहिती काढून टाकावी. सराफ्यातील खाऊगल्ली पाहायला निघालेल्या माणसाला दहा वर्षांपूर्वीच्या भावांचा इतिहास नको असतो. याउलट जो लेख त्या वेळची स्थिती किंवा भूमिका सांगतो, त्याला हात न लावता वर तारीखवार भर घालावी. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा, असा आग्रह धरणारा लेख मी २०१९ मध्ये लिहिला होता, आणि त्यात ‘देशात सहा अभिजात भाषा आहेत’ असे वाक्य होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीसह पाच भाषांना हा दर्जा दिला आणि ती संख्या अकरा झाली. आता त्या लेखातील सहाचे अकरा केले तर पुढचा सगळा युक्तिवादच निरर्थक होतो. म्हणून लेख तसाच ठेवून वर दोन ओळींत निर्णयाची तारीख दिली आणि खालचा मजकूर त्यापूर्वीचा आहे, असे नमूद केले.

मत आणि भाकीत यांना तर मुळीच हात लावू नये. राखीव मार्गिकेमुळे शहराची वाहतूक कायमची सुरळीत होईल, असे मी २०१३ च्या उत्साहात लिहिले होते. ते वाक्य आज वाचवत नाही, पण ते गुपचूप काढून टाकणे म्हणजे आपण कधी चुकलोच नाही, असा देखावा उभा करणे होय. मत बदलले असेल तर नवा लेख लिहावा आणि जुन्या लेखातून त्याचा दुवा द्यावा.

सर्वांत लवकर नासतात ते ‘यंदा’, ‘गेल्या वर्षी’, ‘नुकतेच’, ‘सध्या’, ‘लवकरच’ हे शब्द. ‘इंदूर सलग तिसऱ्यांदा देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले’ हे वाक्य २०१९ मध्ये अचूक होते. ‘२०१७ ते २०१९ या तिन्ही वर्षी इंदूर पहिले आले’ असे लिहिले असते, तर ते आजही अचूक राहिले असते. ‘मेट्रो लवकरच धावेल’ हे वाक्य तर माझ्या किती लेखांत होते ते मोजण्याचे धाडस मी केले नाही. ३१ मे २०२५ रोजी पाच स्थानकांचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा ती सगळी वाक्ये एका दुपारी शोधून दुरुस्त केली. आपल्या लेखसंग्रहात हे पाच शब्द शोधून काढणे, ही तपासणीची सर्वांत सोपी सुरुवात आहे.

तारखेच्या बाबतीत प्रामाणिक असावे. मूळ प्रकाशनाची तारीख कायम ठेवून तिच्या शेजारी ‘सुधारित’ म्हणून दुसरी तारीख द्यावी, आणि ही दुसरी तारीख मजकुरात खरोखर फरक पडला असेल तेव्हाच बदलावी. एखादा स्वल्पविराम हलवून लेख ताजा असल्याचे भासवण्याची युक्ती पुष्कळ जण वापरतात. गूगलने आपल्या मार्गदर्शनात तसे करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि नियमित वाचकाच्याही ते लगेच ध्यानात येते.

लेखाचा पत्ता, म्हणजे त्याचा दुवा, शक्यतो कधीही बदलू नये. तो कोणी तरी कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो, एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधात दिलेला असतो. बदलणे अटळच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचे पुनर्निर्देशन लावावे. त्यासाठी ३०१ हा संकेत ठरलेला आहे आणि बहुतेक लेखनप्रणालींत त्याची सोय असते. मराठीत लिहिणाऱ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. देवनागरीतील पत्ता दुसरीकडे चिकटवला की पुष्कळदा त्याचे टक्केचिन्हांच्या माळेत रूपांतर होते, कारण प्रत्येक देवनागरी वर्णासाठी तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. ‘इंदूर’ या शब्दात संगणकाच्या दृष्टीने पाच वर्ण आहेत, म्हणजे त्याची पंचेचाळीस चिन्हे होतात. नव्या लेखासाठी म्हणूनच छोटा रोमन पत्ता ठेवावा आणि त्यात साल घालू नये. जुन्या लेखाचा पत्ता मात्र लांबलचक असला तरी तसाच राहू द्यावा.

लेखातून बाहेर जाणारे दुवेही कालांतराने मरतात. सरकारी संकेतस्थळांची रचना बदलली की एकाच दिवशी दहा-दहा मरतात. मेलेला दुवा दिसला की तेच पान नव्या जागी आहे का ते पाहावे, आणि नसल्यास इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुनी प्रत शोधावी. ही सोय २००१ पासून सर्वांना खुली आहे. तेथे प्रत सापडली तर तिचा दुवा द्यावा आणि ती कोणत्या तारखेची आहे, तेही लिहावे. नवा लेख लिहितानाच महत्त्वाच्या पानाची प्रत तेथे साठवून ठेवली तर पुढची शोधाशोध वाचते.

लिपीचा प्रश्न खास आपला आहे आणि तो थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. पूर्वी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा टंकांत लिहिलेला मजकूर ज्यांच्याकडे पडून आहे, त्यांनी तो युनिकोडमध्ये आणल्याशिवाय बाकीची डागडुजी व्यर्थ आहे, कारण असा मजकूर शोधयंत्राला वाचताच येत नाही. रूपांतरासाठी साधने मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी जागा सोडते, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांचे तुकडे होतात, आणि ‘दुसऱ्या’चे काही भलतेच होऊन बसते. रूपांतरित मजकूर एकदा मोठ्याने वाचावा. डोळ्यांतून निसटलेली चूक जिभेला अडते. दुसरी गोष्ट ‘ॲ’ या अक्षराची. युनिकोडमध्ये हे स्वतंत्र अक्षर २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वी लोक ‘अ’ला अर्धचंद्र जोडून काम भागवत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसू शकतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात, आणि आज कोणी ‘ॲप’ किंवा ‘ॲड्रेस’ असे शोधले तर तुमचा जुना लेख निसटण्याची शक्यता राहते. ‘शोधा आणि बदला’ या सोयीने सगळे लेख एकसारखे करून घ्यावेत, मात्र ते करण्यापूर्वी संपूर्ण संग्रहाची प्रत आपल्या संगणकावर उतरवून ठेवावी. मी एकदा ती न घेता बदल केला आणि चार लेखांतील ‘ऱ’ पुन्हा हाताने बसवले.

एकाच विषयावरचे दोन-तीन अर्धवट लेख असतील तर ते एकत्र करावेत. त्यांपैकी ज्याचा दुवा अधिक ठिकाणी गेला आहे तो लेख ठेवावा आणि उरलेल्यांचे पुनर्निर्देशन त्याच्याकडे करावे. लेख पूर्णपणे काढून टाकण्याची वेळ क्वचितच येते. कुणाची खासगी माहिती अनवधानाने गेली असेल, किंवा सल्ला अपायकारक असेल, तरच तसे करावे, आणि त्या जागी ‘हा लेख मागे घेतला आहे’ एवढे कारणासह लिहावे. लेख सुमार वाटतो, हे काढण्याचे कारण होत नाही; माझे पहिल्या वर्षाचे लेख मला वाचवत नाहीत, तरी ते आहेत तेथेच आहेत.

हे सर्व सांभाळण्यासाठी एक साधी वही किंवा तक्ता पुरतो. त्यात लेखाचे नाव, प्रकाशनाची तारीख, शेवटच्या तपासणीची तारीख आणि त्यातले काय नासू शकते याची नोंद, असे चार रकाने असावेत. चौथा रकाना सर्वांत उपयोगी आहे. पाताळपाणी ते कालाकुंड या वारसा रेल्वेवरील माझ्या लेखापुढे तेथे ‘वेळा, भाडे, आरक्षण’ असे लिहिले आहे, तर राजवाड्याच्या स्थापत्यावरील लेखापुढे केवळ ‘प्रवेशाच्या वेळा’. त्यामुळे पूर्ण लेख पुन्हा न वाचताही काय तपासायचे ते कळते. आधी अधिक वाचले जाणारे आणि कृती करायला लावणारे लेख घ्यावेत, बाकीचे सवडीने. मी वर्षातून दोनदा बसतो, अहिल्याबाईंच्या जयंतीच्या सुमारास आणि दिवाळी उलटल्यावर, आणि एका बैठकीत सहापेक्षा अधिक लेख घेत नाही. सातव्या लेखापर्यंत नजर थकलेली असते आणि दुरुस्तीतच नवी चूक शिरते. बदल प्रसिद्ध केल्यावर पान एकदा मोबाइलवर उघडून पाहावे, दुवे दाबून पाहावेत, आणि तिसऱ्या रकान्यात त्या दिवसाची तारीख टाकूनच वही मिटावी.