अंगणातलं बेडकांचं डबकं

नागपुरात परसात बेडकांसाठी डबकं करायचं असेल, तर मे महिन्यातच खणून ठेवा, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसाला ते तयार असेल. जागा दुपारी सावलीची हवी. मधोमध दीड-दोन फूट खोली पुरते. पण एक काठ अगदी हळूहळू उतरता ठेवाच. सरळ भिंतीच्या टाक्यात पडलेली पिल्लं वर चढू शकत नाहीत, थकून मरतात.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी धरायला वर अंथरलेली ताडपत्री फाटते. म्हणून तिच्याखाली वाळूचा थर आणि जुनी पोती अंथरा.

पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. नळाचं असेल तर एक-दोन दिवस उघडं ठेवून मग ओता, क्लोरीन बरंचसं उडून जातं. कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र नको, त्यात क्षार साचलेले असतात.

डासांच्या भीतीने गप्पी मासे सोडू नका; ते बेडकांची अंडी आणि छोटी पिल्लंही खातात. चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या फस्त करतात, त्या आपोआप येतात. तरीही डास दिसलेच तर बीटीआय, म्हणजे डासांच्या अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध, वापरा. जलपर्णी लावू नका, कुमुदिनी लावा. काठाच्या झाडावर पांढरा फेस दिसला तर धुऊ नका, ते झाडबेडकाचं घरटं असतं.

आणि बेडूक दुसरीकडून पकडून आणू नका. पाणी नीट असलं की ते स्वतःच येतात. घरात लहान मूल असेल तर वर मजबूत जाळी हवीच, बेडूक निघतील एवढ्या भोकांची.