तू बिश्वात मुलांना शिकवताना या चुका टाळा

ज्यू पंचांगातल्या शवात महिन्याची पंधरावी तिथी, म्हणजे तू बिश्वात हा झाडांचा सण, आली की वर्गावर्गांत हिरव्या कागदाची झाडं चिकटतात आणि अर्ध्या तासात सण उरकतो. कात्री-गोंदाचा तास म्हणून ठीक आहे, पण यात झाड कुठे आहे?

पार्सलीची घाई

तू बिश्वातला पार्सली (कोथिंबिरीसारखी भाजी) पेरायची आणि पेसाह या वसंतातल्या सणाच्या सेदेरला, म्हणजे विधीच्या जेवणाला, तिचीच पानं कर्पास (ताटातली हिरवी भाजी) म्हणून घ्यायची, हा फार चांगला धडा. तरी बहुतेक ठिकाणी फसतो, कारण पार्सली उगवायलाच दोन ते चार आठवडे घेते. एका वर्गात चार दिवसांत काही दिसेना, तेव्हा मुलांनी बोटानं माती उकरून बी पाहिलं. बाई रोज पेलाभर पाणी ओतायच्या, आणि प्लास्टिकच्या कपांना तळाशी भोकच नव्हतं. बी कुजलं. पेसाहला बाजारातली जुडी आणून मातीत खोचली. चार वर्षांच्या मुलालाही हे कळतं.

बी रात्रभर भिजवा. भोकं असलेल्या कुंडीत दहा-बारा बिया अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, पाणी फवाऱ्यानंच द्या. शेजारी ओल्या कापसावर सालासकट जव ठेवा. तीन-चार दिवसांत कोंब येतात. मुलांना काय उचकायचं ते तिथे उचकू द्या. किराण्यातले पॉलिश केलेले जव मात्र उगवत नाहीत. जव हे तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या सात पिकांपैकी एक, म्हणजे गहू, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह, खजूर यांची गोष्टही इथूनच काढता येते.

पेरणी ते पेसाह अंतर साधारण दोन महिने. ज्यू पंचांगाच्या लीप वर्षी मधला अदार महिना दोनदा येतो, तेव्हा तीन. २०२७ तसंच आहे. तेव्हा मधे एकदा पानं छाटा.

मलिदा सोडून सुक्या मेव्याचं पाकीट

मलिदा म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या मुलांना तरी तो सोडून पाकीट देऊ नका. पोहे भिजवणं, नारळ खवणं, वेलची कुटणं हे लहान हातांना जमतं. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचा रथ आणि त्याची खूण जिथे सांगतात ते अलिबागजवळचं खंडाळं ही गोष्ट ताटाभोवती बसून सांगा, फळ्यावर लिहून नको.

केळं खाण्याआधी झाडाच्या फळाची बेराखा (खाण्याआधीची प्रार्थना) म्हणायला लावतात, ती चूक. केळीचा बुंधा फळ दिल्यावर मरतो, म्हणून जमिनीच्या पिकाची बेराखा.

पाच वर्षांखालच्यांना अख्खे बदाम देऊ नका. द्राक्षं उभी चार तुकडे करून, खजूर-ऑलिव्ह बिया काढून.

इस्रायलमध्ये शिकवत असाल तर श्मिता वर्षी, म्हणजे जमिनीला विश्रांती द्यायच्या दर सातव्या वर्षी, रोप लावायचा कार्यक्रम ठरवू नका. २०२१-२२ हे तसं वर्ष होतं.