ड्राय वाइन कोरडी कशी?

नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी आहेत. तिथं पाहुण्यांना वाइन चाखवणाऱ्या पोरांची मी सोमवारी इंग्रजीची शिकवणी घेते, कारण शनिवार-रविवार त्यांना मान वर करायला फुरसत नसते. पहिल्याच दिवशी मखमलाबादचा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, बाटलीवर ड्राय लिहिलंय. आत तर ओलंच आहे."

युक्ती सोपी आहे. ड्राय दिसलं की 'कोरडा' म्हणून मोकळं व्हायचं नाही. पुढचं नाम बघायचं आणि विचारायचं, इथं काय नाहीये? टॉवेलात पाणी नाही. ड्राय डेला दारू नाही. २ ऑक्टोबरला म्हणूनच पोरं निवांत. ड्राय वाइनमध्ये गोडवा नाही, कारण द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर यीस्टनं खाऊन तिचं अल्कोहोल केलेलं असतं. युरोपात लेबलवर ड्राय लिहायचं तर लिटरमागे साखर साधारण ४ ग्रॅमच्या आत लागते. म्हणून विरुद्धार्थी शब्दही बदलतो: टॉवेल वेट, वाइन स्वीट. फेसाळ वाइनवर मात्र डोळे उघडे ठेवा. तिथं 'ब्रूट' हा कमी साखरेचा प्रकार, आणि 'एक्स्ट्रा ड्राय' ही त्या 'ब्रूट'पेक्षा गोड असते! यात माझी पोरं दरवेळी आपटतात.

चिनी पाहुण्याला ड्राय वाइन समजावत बसू नका. त्यांच्याकडे कोरड्याला 'कान' म्हणतात आणि ड्राय रेडला 'कान होंग'. पेला उचलताना ते 'कानपेइ' म्हणतात, म्हणजे पेला कोरडा कर. पण ड्राय ह्यूमरला तिथं चक्क 'थंड विनोद' म्हणतात. आपण त्याला 'कोरडा विनोद' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की विनोद फसला. चेहऱ्यावरची रेष न हलवता मारलेला टोमणा, असं फोड करूनच सांगा.

आणि बेदाणा दाखवून 'ड्राय ग्रेप्स' म्हणू नका. मुद्दाम वाळवलेलं ते ड्राइड. आपल्या ड्राय फ्रूटमधली वाळवलेली फळं इंग्लंडात ड्राइड फ्रूट होतात.

गेल्या सोमवारी प्रत्येकाला ड्राय वापरून एक वाक्य करायला सांगितलं. मखमलाबादकर उठला. "मॅडम इज ड्राय."

"का रे, काय नाहीये माझ्यात?"

"साखर," तो म्हणाला. चेहरा अगदी शंकराच्या पिंडीसारखा.