रॅटला एमआरआयचं कॉन्ट्रास्ट टोचताना

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीने ‘फॉर्म बी’ (प्राण्यांवरच्या प्रयोगाचा परवानगी-अर्ज) मंजूर केल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावू नका.

कॉन्ट्रास्ट म्हणजे एमआरआयचं चित्र स्पष्ट करणारं औषध. ते मूत्रपिंडाला कितपत सुरक्षित आहे हे रॅटवर तपासताना डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने काढा. माणसाला किलोमागे ०.१ मिलिमोल, रॅटसाठी ६.२ ने गुणून ०.६२. गॅडोटेरेट (गॅडोलिनियम धातूचं कॉन्ट्रास्ट) ०.५ मोलर, म्हणजे मिलीमागे ०.५ मिलिमोल येतं, म्हणून २५० ग्रॅमच्या रॅटला ०.३१ मिली. घोळ होतो तो वरच्या डोसांत. एका दमात किलोमागे ५ मिलीपेक्षा जास्त टोचायचं नाही, आणि तेवढ्यात जेमतेम चौपट डोस बसतो. पुढचे डोस पंपाने ५ ते १० मिनिटांत सोडा. तिथेही किलोमागे २० मिलीच्या वर जाऊ नका.

नुसत्या सलाइनच्या गटावर भागत नाही. रक्ताची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची दाटी, किलोमागे मिलिऑस्मोलमध्ये) २९० च्या आसपास, गॅडोटेरेटची १३५०. मूत्रपिंडाच्या नळ्यांत पोकळ्या दिसल्या, तर त्या गॅडोलिनियममुळे की नुसत्या दाट द्रावणामुळे, हे कसं ओळखणार? म्हणून तिसरा गट २५ टक्के मॅनिटॉलचा (साखरेसारखा पदार्थ, त्यात गॅडोलिनियम नाही) ठेवा, त्याची ऑस्मोलॅलिटी जवळपास तेवढीच असते. बाहेर बडोद्याचा मे महिना तापलेला असला, तरी एसीच्या खोलीत मॅनिटॉलचे खडे धरतात. बाटली गरम पाण्यात ठेवून ते पुरते विरघळवा, अंगाइतकं कोमट झाल्यावरच सिरिंजमध्ये भरा.

शेपटी कोमट पाण्यात धरली की बाजूच्या नसा फुगतात. टोकाकडून सुरुवात करा. पहिली नस हुकली तर वर सरकायला जागा उरते. दट्ट्याला अडथळा जाणवला किंवा कातडी पांढरी पडून फुगली, तर औषध नसेबाहेर गेलं. थांबा आणि तशी नोंद करा. उरलेलं दुसरीकडे टोचून डोस ‘पूर्ण’ दाखवणं म्हणजे आकडे बिघडवणं.

निम्मे प्राणी दुसऱ्या दिवशी तपासा, निम्मे चौदाव्या. खोली २२ अंशांच्या तीन खाली-वर चालते. वीज गेली किंवा पाण्याच्या बाटलीची नळी तुंबली, की प्राणी सुकतात आणि रक्तातला युरिया चढतो. दोष औषधाच्या माथी जातो. रोज बाटल्या वजन करून ठेवा. उलट, रॅटचं मूत्रपिंड चिवट असतं. निरोगी रॅटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) हललं नाही एवढ्यावरून औषध निर्धोक ठरत नाही, मूत्रपिंडाच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्याच लागतात.

तुलनेला गॅडोडायमाइड (गॅडोलिनियमचंच दुसरं कॉन्ट्रास्ट) घेतलं असेल, तर रक्तातलं कॅल्शियम रंगाच्या पद्धतीने मोजू नका. औषध रक्तात असेपर्यंत आकडा खोटाच कमी येतो. आयन इलेक्ट्रोडने मोजा.