बॅग भरून मग उचला

दुकानात गोल्फची बॅग रिकामी असते, त्यामुळे सगळ्याच हलक्या वाटतात. काही वर्षांपूर्वी मीही अशीच एक उचलली, "काहीच वजन नाही हो" म्हणालो आणि पैसे देऊन मोकळा झालो. 14 खणांची, रुंद बुडाची कार्ट बॅग होती ती, म्हणजे बग्गीवर (कोर्सवर फिरायच्या छोट्या गाडीवर) ठेवायची. पुढच्याच रविवारी कोर्सवर गेलो तर बग्ग्या बंद. रात्री पाऊस पडून गेला होता, फेअरवे, म्हणजे खेळायची हिरवळ, भिजलेला होता. एकाच पट्ट्यावर ते धूड लटकवून चालत निघालो आणि नवव्या होलपर्यंत खांद्यावर लालभडक वळ उठला. तेव्हापासून कोणी नवी बॅग घ्यायची म्हटलं की मी त्याला दुकानाआधी घरात बसवून हिशेब करायला लावतो.

पहिला हिशेब सवयीचा. गेल्या दहा वेळा खेळलात त्यांत चालत किती, बग्गीने किती, आणि बॅग कॅडीच्या (ती उचलणाऱ्या मदतनिसाच्या) खांद्यावर किती वेळा होती? मनात ठरवलेलं नको, घडलेलं मोजा. चालायचे बेत जानेवारीत सगळेच करतात. कोर्स कुठला तेही बघा. पुण्यात येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर चालणं जमून जातं. बावधनच्या बाजूला डोंगरावर असलेल्या ऑक्सफर्ड कोर्सवर तेवढंच अंतर दुप्पट वाटतं आणि माणूस निमूट बग्गीत बसतो. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिनेही धरावे लागतात. जमीन मऊ असली की बग्गी आत सोडत नाहीत, किंवा फक्त रस्त्यावरून चालवू देतात. म्हणजे बग्गीवाल्यालाही वर्षातले काही दिवस पायीच जावं लागतं.

मग वजन. सामान नेताना वापरतो तो हुकाचा काटा घ्या आणि भरलेली जुनी बॅग टांगून बघा. काटा नसेल तर वजनाच्या यंत्रावर बॅगेसकट आणि बॅगेशिवाय उभे राहा. माझी साडेबारा किलो भरली होती. सगळं सामान जेवणाच्या टेबलावर ओतलं. 14 क्लब, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, मिळून साडेपाच किलोच्या आसपास, ते काही कमी होणार नव्हते. पण तळाच्या खिशातून 23 बॉल निघाले. नियमाप्रमाणे एक बॉल जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा, म्हणजे किलोभर वजन मी नुसतंच फिरवत होतो. त्यातले निम्मे तर झुडपांत सापडलेले, दुसऱ्यांचे. शिवाय दोन हातमोजे कडक होऊन पापडासारखे झालेले, टीजचा (बॉल ठेवायच्या खुंट्यांचा) चुरा, गेल्या दिवाळीतली चिक्की. नऊ बॉल ठेवले, बाकीचे डब्यात टाकले. नवी बॅग न घेताच पाऊण किलोच्या आसपास उतरलं! 18 होल चालायचे म्हणजे सात-आठ किलोमीटर सहज होतात, तेव्हा एवढंही जाणवतंच.

क्लब 14 पेक्षा जास्त नाहीत ना, हेही याच वेळी मोजून घ्या. फटके मोजायच्या स्पर्धेत पंधरावा सापडला तर ज्या होलवर तो बॅगेत होता त्या प्रत्येक होलचे दोन दंडाचे फटके, पूर्ण फेरीत जास्तीत जास्त चार. जुना वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) असाच तळाशी लपून राहतो.

आता दुकान. जाताना स्वतःचा सेट बरोबर न्या. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी चालेल. चालणाऱ्याने स्टँड बॅगच बघावी, म्हणजे खाली ठेवली की दोन पाय उघडून उभी राहणारी, रिकामी दोन ते अडीच किलोच्या आतबाहेर. भरा, दोन्ही पट्टे पाठीला दप्तरासारखे लावा आणि दुकानातच दोन-चार चकरा मारा. बूड पोटरीला किंवा मांडीला घासतंय का, एक पट्टा सारखा घसरतोय का, हे तिथेच कळतं. उंची कमी असेल तर हे जास्तच बघा. पाय उघडून-मिटून बघा: बूड जमिनीला टेकलं की दोन्ही एकदम उघडले पाहिजेत, उचलली की पूर्ण मिटले पाहिजेत. बॅगेचं आयुष्य या सांध्यावर अवलंबून. चेन बिघडली तर कोपऱ्यावरचा बॅगवाला रनर बदलून देतो, पण मोडलेल्या पायाला इलाज मिळवणं कठीण जातं.

खणांचा मोह आवरा. 14 खण दिसायला नीटनेटके, पण फार अरुंद असतील तर क्लबच्या जाड मुठी अडकतात आणि एक क्लब ओढताना शेजारचा वर येतो. चार-पाच खण मला पुरतात. किती खण यापेक्षा मधल्या भिंती तळापर्यंत गेल्यात का, ते हात घालून बघा.

नेहमी बग्गीनेच खेळणाऱ्याला कार्ट बॅग खरंच सोयीची. बग्गीच्या मागे बांधली की सगळे खिसे बाहेरच्या बाजूला येतात, आणि तीन-साडेतीन किलो रिकामं वजन असलं तरी ते ओझं इंजिनाचं. कधी चालत, कधी बग्गीने खेळणाऱ्याने बग्गीचा पट्टा ओवायला खाच असलेली स्टँड बॅग घ्यावी. खाच नसेल तर पट्टा पायांवरून आवळला जातो आणि पाय दबतात. ट्रॉली वापरत असाल तर तिच्यावर ठेवून बघा, बॅग गोल फिरते का.

कॅडी घेणाऱ्यांना एकच सांगणं. टीव्हीवरच्या खेळाडूंसारखी मोठी टूर बॅग रिकामीच साडेचार-पाच किलोची असते, आणि ती आपण उचलत नाही म्हणून घेतली जाते. एप्रिलच्या उन्हात ती उचलणाऱ्याच्या मागे चालताना मला तरी आपला रुबाब दिसत नाही.

पावसासाठी 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका. शिवणी आतून पट्टी लावून बंद केल्यात का आणि चेन रबरी झाकणाची आहे का, ते बघा. वरची टोपी बरोबर मिळते का, छत्री कुठे अडकते, तेही. आणि ओली बॅग डिकीत ठेवून विसरू नका, दोन दिवसांत हातमोज्यावर हिरवट बुरशी धरते.

डिकीवरून आठवलं. गाडीला सीएनजीची टाकी असेल तर बिल करण्याआधी बॅग खाली पार्किंगमध्ये नेऊन आत ठेवून बघा. माझ्या गाडीत ड्रायव्हर (माणूस नव्हे, सगळ्यात लांब क्लब) काढून मागच्या सीटवर आडवा टाकल्याशिवाय दार लागत नाही.